वीस संगणक आणि एक कळ

दादर आणि परळ यांच्या मधला हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. जोराची सर आणि समुद्राची भरती एका वेळी आली की इथे पाणी तुंबते, हे मुंबईत कोणाला सांगावे लागत नाही. महापालिकेने अलीकडे परळचे सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचे प्रमोद महाजन उद्यान यांच्याखाली पावसाच्या पाण्यासाठी टाक्या बांधल्या. तरी आमच्या शाळेची संगणकखोली एकदा तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर गेली, ती पुन्हा खाली आली नाही. या स्थलांतरात वीस संगणक उचलले गेले, तारा बदलल्या आणि सगळ्यांवर सर्व काही नव्याने बसवायचे ठरले.

ज्यांच्याकडे हे काम होते त्यांचा माणूस एका छोट्या डबीत डिस्क घेऊन आला. ‘बाई, एक कळ दाबायची, संध्याकाळी सगळी लॅब तयार,’ असे म्हणाला आणि खरोखरच संध्याकाळी वीसही पडदे उजळले. दुसऱ्या दिवशी आठवीचा तास होता. मुलांना मराठी निबंध टंकित करायचा होता. एकाही संगणकावर मराठी कळफलक नव्हता. तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, अशी दिसत होती. जाळ्यावर शोधले तर वीसही संगणकांचे नाव एकच. एका मुलीने विचारले, ‘बाई, वीसही संगणक एकदम आणि एकसारखेच कसे चुकले?’

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यायला मला बरेच वाचावे लागले. अनेक संगणकांवर कार्यप्रणाली आपोआप बसवण्याच्या ज्या पद्धती आज प्रचलित आहेत, त्यांचे शाळेच्या दृष्टीने परीक्षण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला जी सुरक्षाचकती आणि जो प्रोसेसर लागतो, तो शाळांतील पुष्कळ जुन्या संगणकांत नाही. म्हणजे चालते संगणक टाकून द्यायचे, असुरक्षित अवस्थेत चालवायचे किंवा त्यांवर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवायची, असा निर्णय अनेक शाळांपुढे आहे. निर्णय कोणताही होवो, ‘एक कळ दाबणारे’ दारात येणारच.

संगणक जागा होतो तेव्हा

कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम; डिस्क, पडदा, कळफलक आणि आपले कार्यक्रम यांच्यात मेळ घालणारी मूळ व्यवस्था. ती सहसा संगणकाच्या डिस्कवर असते. पण डिस्क कोरी असेल तर संगणकाला ती मिळणार कुठून? यासाठी इंटेल कंपनीने पुढाकार घेऊन एक संकेत ठरवला. त्याचे नाव पीएक्सई, उच्चारी ‘पिक्सी’. त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ साली आली आणि तेव्हापासून बहुतेक संगणकांत तिची सोय असते.

पिक्सीचे काम असे चालते. वीज मिळताच जाळ्याच्या कार्डातील छोटा कार्यक्रम जाळ्यावर हाक मारतो : ‘मी नवा आहे, मला पत्ता द्या.’ जाळ्यावरचा सर्व्हर उत्तर देतो : ‘हा तुझा पत्ता, आणि सुरुवातीची फाइल अमक्या ठिकाणी आहे.’ संगणक ती फाइल मागवतो. मागवण्याची रीत टीएफटीपी नावाची, १९८० च्या सुमाराची आहे. तीत मुळात ५१२ बाइटांचा एक तुकडा येतो, तो मिळाल्याची पोच जाते आणि मगच पुढचा तुकडा निघतो. या रीतीने आलेला छोटा कार्यक्रम मग मोठ्या कार्यक्रमाला बोलावतो आणि बसवण्याचे काम सुरू होते.

इथेच पहिला आक्षेप नोंदवायला हवा. हाक मारणारा संगणक उत्तर देणाऱ्याची ओळख विचारत नाही. जो आधी आणि नीट उत्तर देईल त्याचे तो ऐकतो. त्याच जाळ्यावर कोणी दुसरा सर्व्हर मुद्दाम किंवा चुकून चालू केला, तर संगणक त्याच्याही मागे जाईल. नव्या संगणकांत फाइलीवरची सही तपासण्याची सोय असते, पण जुन्या संगणकांत ती नसते आणि पुष्कळ ठिकाणी बंद केलेली असते. म्हणून प्रयोगशाळेचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे आणि काम झाल्यावर जाळ्यावरून सुरू होण्याची सोय बंद करणे, ही पहिली काळजी. आमच्याकडे आलेल्या माणसाने ती घेतली नव्हती, आणि आम्हीही विचारले नव्हते.

प्रत काढणे

कार्यप्रणाली मिळाल्यावर दोन रस्ते फुटतात. पहिला प्रत काढण्याचा. एक संगणक मनासारखा तयार करायचा, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा घ्यायची आणि ती इतरांवर उतरवायची. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या सुमारास तयार केलेला ‘घोस्ट’ हा कार्यक्रम या कामासाठी जगभर गाजला. १९९८ साली तो सिमँटेक कंपनीने घेतला. आज याच कामासाठी ‘क्लोनझिला’ हा मुक्त कार्यक्रम फुकट मिळतो. तो तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झाला. डिस्कचा वापरलेला भागच तो उचलतो, त्यामुळे वेळ वाचतो.

प्रत वीस ठिकाणी पोचवायला किती वेळ लागेल? हे गणित नववीच्या वर्गात करून घेण्यासारखे आहे. प्रतिमा १० गिगाबाइटची आहे असे धरू. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणजे एकूण ८० गिगाबिट. शाळेतले जाळे सेकंदाला १०० मेगाबिटचे असेल तर एका प्रतीला ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटे २० सेकंद लागतील. सर्व्हरने वीस जणांना वेगवेगळी प्रत पाठवली तर १६,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेचार तास. पण सर्व्हरने एकदाच पाठवायचे आणि सर्वांनी एकाच वेळी घ्यायचे, असे केले तर पुन्हा साधारण तेरा मिनिटेच! तैवानच्या त्या केंद्राने आपल्या वर्गातील ४१ संगणकांवर ५.६ गिगाबाइटची प्रतिमा सुमारे दहा मिनिटांत उतरवल्याची नोंद दिली आहे.

शिक्षकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपण श्रुतलेखन घालतो तेव्हा चाळीस मुलांच्या कानाशी जाऊन एकेक वाक्य सांगत नाही. एकदाच मोठ्याने म्हणतो. मात्र श्रुतलेखनाचा वेग सर्वांत सावकाश लिहिणाऱ्या मुलावर ठरतो. कोणी ‘बाई, परत सांगा’ म्हणाले की सगळा वर्ग थांबतो. संगणकांतही तसेच होते. वीसांपैकी एकाची डिस्क मंद असेल किंवा एक तार सैल असेल, तर बाकीचे एकोणीस खोळंबतात.

हा रस्ता वेगवान आहे, यात वाद नाही. आक्षेप वेगाला नसून प्रतीच्या मुकेपणाला आहे. हिंदमाताच्या बाजारातले कापड ज्यांनी शिवायला दिले आहे त्यांना हे चटकन पटेल. गणवेशाचा कारखाना असेल तर कटिंग मास्तर कापडाचे अनेक थर एकावर एक पसरतो, वरच्या थरावर खडूने रेघ आखतो आणि यंत्राने सगळे थर एकदम कापतो. रेघ बरोबर असेल तर शंभर गणवेश एकसारखे नेटके होतात. रेघ इंचभर चुकली तर चूक शंभर ठिकाणी होते, आणि कापलेल्या कापडाकडे बघून ती रेघ तशी का आखली होती हे कळत नाही.

आमच्या वीस संगणकांचे तेच झाले. मूळ संगणक कोणत्या तरी दुकानात, कोणा तरी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तयार झाला होता. मराठी कळफलक तिथे नको होता, म्हणून तो इथेही आला नाही. नावही तेच आले. नाव ही वरवरची गोष्ट झाली. प्रतीबरोबर संगणकाची गुप्त ओळखही जशीच्या तशी उतरते. लिनक्समध्ये दूरच्या संगणकाला स्वतःची खात्री पटवण्यासाठी ज्या किल्ल्या असतात, त्या प्रतीत राहिल्या तर वीस घरांना एकच किल्ली लागते. विंडोजमध्ये प्रत घेण्यापूर्वी अशी ओळख पुसण्यासाठी ‘सिसप्रेप’ हे साधन दिलेले आहे आणि लिनक्समध्येही नव्या किल्ल्या पाडता येतात. पण ते करायला माणसाने थांबावे लागते, आणि ‘एक कळ’ या घोषणेत थांबायला जागा नसते.

आणखी एक उणीव आहे. प्रत ज्या दिवशी काढली त्या दिवसापासून शिळी होऊ लागते. सहा महिन्यांनी ती उतरवली तर मधल्या काळातल्या सुरक्षेच्या सुधारणा तीत नसतात. सगळे संगणक एकाच घडणीचे नसतील, तर एकाची प्रत दुसऱ्यावर अडखळतेही.

उत्तरपत्रिका लिहिणे

दुसरा रस्ता उत्तरपत्रिकेचा. कार्यप्रणाली हाताने बसवताना संगणक आपल्याला प्रश्न विचारतो : भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कोणत्या शहराची, डिस्कचे भाग कसे करायचे, परवलीचा शब्द काय, कोणते कार्यक्रम हवेत. या सर्वांची उत्तरे आधीच एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवली, तर संगणक प्रश्न न विचारता ती वाचतो आणि स्वतः पुढे जातो. रेड हॅट लिनक्समध्ये याला ‘किकस्टार्ट’ म्हणतात, डेबियनमध्ये ‘प्रीसीड’. विंडोजमध्येही अशी उत्तरफाइल चालते. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ पासून विकसित केलेला ‘फाय’ हा कार्यक्रम याच विचाराचा आहे. त्यात संगणकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी योजना देता येते.

ही पद्धत प्रतीपेक्षा सावकाश आहे. प्रत्येक संगणक स्वतःचा संसार स्वतः मांडतो. पण त्यामुळेच त्याच्या किल्ल्या त्याच्या स्वतःच्या असतात, त्याच्या घडणीला लागणारे भाग तो शोधून घेतो आणि सुधारणाही ताज्या येतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उत्तरपत्रिका वाचता येते. वेळेच्या ओळीत ‘कोलकाता’ दिसले तर मुले विचारतात, मुंबई का नाही? मग सांगता येते की वेळेच्या जागतिक यादीत भारताची प्रमाणवेळ कोलकात्याच्या नावाने नोंदलेली आहे. मराठी कळफलकाची ओळ नसेल तर ती नाही हे काम सुरू होण्यापूर्वीच दिसते. शिवलेला सदरा उसवून माप शोधण्यापेक्षा शिंप्याची मापाची वही उघडणे सोपे असते, तसे हे आहे.

दोषही सांगायला हवेत. उत्तरपत्रिकेतील एक चुकीचा स्वल्पविराम सगळे अडवू शकतो. परवलीचा शब्द तीत उघडा लिहिला तर ती फाइल वाचणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो. म्हणून तो सांकेतिक रूपातच लिहावा लागतो. आणि पहिली उत्तरपत्रिका नीट जमेपर्यंत नवख्याचे दोन-तीन दिवस सहज जातात. वीस संगणकांची शाळा दोन वर्षांतून एकदा हे काम करणार असेल, तर वेळेचा हिशेब जेमतेमच जुळतो. ‘वेळ वाचेल’ एवढ्याच कारणासाठी कोणी ही पद्धत शाळेला विकत असेल, तर त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. नोंद राहते, हा तिचा खरा लाभ.

तिसराही एक मार्ग आहे : सगळे काही एकाच सर्व्हरवर बसवायचे आणि बाकीच्या संगणकांनी जाळ्यावरून ते वापरायचे. लिनक्सच्या जगात १९९९ पासून ‘एलटीएसपी’ हा प्रकल्प हे काम करतो. जुन्या, डिस्क मोडलेल्या संगणकांना त्यामुळे नवे आयुष्य मिळते. पण सर्व्हर बंद पडला की तास बंद पडतो, हे विसरून चालत नाही.

एकाच वेळी सगळीकडे

मोठ्या प्रमाणावर हे काम हाताने करणे अशक्य असते, हे मान्यच करायला हवे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ साली ‘क्लिक्स’ हा उपक्रम सुरू केला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचाही त्यात वाटा होता. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगण या राज्यांतील चारशेहून अधिक सरकारी शाळांत तो पोचला. इंटरनेट नसले तरी तास चालावा म्हणून शाळेतच सर्व्हर ठेवून त्यावर साहित्य बसवले होते. चार राज्यांतील शेकडो शाळांत हे एकसारखे बसवायचे तर प्रतीला पर्याय नाही. तिथे एकसारखेपणा हा गुण ठरतो, कारण एका शाळेतली अडचण सोडवली की ती सगळ्यांची सुटते.

पण प्रमाण वाढते तसा धोकाही वाढतो. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात काही संगणकांवर विंडोज नव्याने बसवण्याची आज्ञा चुकून विद्यापीठातील सगळ्याच विंडोज संगणकांना गेली. आज्ञेत डिस्क पुसून पुन्हा मांडण्याचा भाग होता. चूक लक्षात येताच आज्ञा देणारा सर्व्हर बंद करण्यात आला, पण तोपर्यंत त्याने आज्ञाधारकपणे स्वतःलाही पुसून टाकले होते! १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर आपोआप पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. फाइल पोचायला फार वेळ लागला नव्हता. दुरुस्तीसाठी मात्र अनेक ठिकाणी एकेका संगणकापाशी माणसाला जावे लागले.

या दोन्ही घटनांत यंत्राने सांगितले तेच केले. उणीव होती ती मधल्या थांब्याची : आधी एकावर करून पाहणे, मग पाचांवर आणि मग सगळ्यांवर. वीस संगणकांच्या शाळेलाही हा नियम तितकाच लागू आहे. आमच्याकडे आदल्या दिवशी एकाच संगणकावर प्रत उतरवून एका मुलीला मराठीत चार ओळी लिहायला सांगितले असते, तर बाकीचे एकोणीस वाचले असते.

ज्ञान कोणाकडे राहते?

माझा शेवटचा आक्षेप तंत्राला नाही, आपल्या व्यवस्थेला आहे. महाराष्ट्रात शाळांच्या संगणकखोल्या पुष्कळदा ठरावीक वर्षांच्या कंत्राटाने उभ्या राहिल्या. कंत्राटदाराने खोली उभारायची, चालवायची आणि मुदत संपल्यावर शाळेकडे सोपवायची, अशी ती रीत. संगणक सोपवले जातात. ते कसे बसवले, परवलीचे शब्द काय, कोणत्या क्रमाने काय केले, हे मात्र सोपवले जाईलच असे नाही. बसवणे जितके आपोआप होते तितका शाळेचा त्याच्याशी संबंध कमी येतो. मुलांसमोर वीस संगणक तयार होतात आणि एकाही मुलाला ते कसे झाले हे दिसत नाही. ज्या खोलीचा उद्देशच संगणक शिकवणे हा आहे, तिथे हा तोटा मोठा आहे.

म्हणून शाळांना माझे सांगणे थोडकेच आहे. काम देताना प्रतीबरोबर उत्तरपत्रिका, म्हणजे वाचता येईल अशी लेखी कृती, मागून घ्यावी आणि ती शाळेच्या कपाटात ठेवावी. पहिला संगणक शाळेतल्या कोणी तरी तपासल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू देऊ नये. आणि वर्षातून एकदा तरी एक जुना संगणक मुलांच्या हाती द्यावा. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचे धडे मराठीतूनही मिळतात. त्यांचा आधार घेता येईल.

आम्ही पुढच्या सत्रात तेच केले. नववीच्या सहा मुलांनी एका संगणकावर लिनक्स हाताने बसवले. अट एकच होती : पडद्यावर येणारा प्रत्येक प्रश्न आणि आपण दिलेले उत्तर वहीत लिहायचे, आणि ते उत्तर का दिले हेही लिहायचे. तास संपला तेव्हा लक्षात आले की ती वही म्हणजेच उत्तरपत्रिका आहे. फक्त ती संगणकाच्या भाषेत उतरवायची राहिली होती. त्याला आणखी चार शनिवार लागले.

एका प्रश्नावर मात्र त्यांच्यात वाद झाला. ‘डिस्कवरचे सर्व काही पुसायचे का?’ याचे उत्तर ‘हो’ असे लिहून ठेवावे की नाही? एकजण म्हणाला, नाही लिहिले तर प्रत्येक संगणकापाशी जाऊन कळ दाबावी लागेल, मग आपोआप कसले? ज्या मुलीने पहिल्या दिवशी मला प्रश्न विचारला होता ती म्हणाली, ‘वीस वेळा कळ दाबायला पाच मिनिटं लागतील. कोणाचा प्रकल्प डिस्कवर राहिला असेल तर?’ प्रीसीडमध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नसते तिथे संगणक थांबतो आणि माणसाला विचारतो. मुलांनी ती एक ओळ कोरी ठेवली. बाकीचे सगळे आपोआप होते; तेवढ्या एका ठिकाणी वीसही संगणक थांबतात आणि कोणी तरी पडदा वाचून कळ दाबेपर्यंत वाट पाहतात.